आज वजन किती भरलं?

हार्ट फेल्युअरच्या रुग्णाचं वजन तीन-चार दिवसांत दोन किलोनं वाढलं, तर ती वाढ बहुतेक वेळा खाण्यापिण्याची नसते, अंगात साचलेल्या पाण्याची असते. हृदयाचा जोर कमी पडला की मूत्रपिंडांना पुरेसं रक्त मिळत नाही. शरीरात पाणीच कमी झालंय असं समजून ती मीठ आणि पाणी धरून ठेवू लागतात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. हे पाणी घोट्यांभोवती दिसतं, पोटात साचतं, फुप्फुसांत उतरतं. मग एका रात्री रुग्ण धापा टाकत उठून बसतो आणि घरचे म्हणतात, ‘काल तर चांगले होते!’ पण अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की दाखल होण्याच्या किमान आठवडाभर आधीपासूनच अशा रुग्णांचं वजन वाढू लागलेलं असतं.

हा आठवडा हाताशी असतो, आणि तो वाया जातो. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, नाश्त्याआधी वजन करा. तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वाढलं तर कळवा. मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवा (लोणचं-पापडातलंही त्यात धरा). लघवीची गोळी चुकवू नका. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून परस्पर वेदनाशामक गोळ्या आणू नका, कारण त्यातल्या बऱ्याच गोळ्या पाणी साठवतात. एवढं सगळं रुग्णाला सांगितलं जातं ते डिस्चार्जच्या दिवशी, घरी निघायच्या गडबडीत. प्रवासाला निघताना नेमकी लघवीचीच गोळी टाळली जाते, हे त्या दिवशी कोणाच्या लक्षात येणार?

साधा एसएमएस इथे कामाला येतो. त्याला स्मार्टफोन लागत नाही, इंटरनेट लागत नाही. ब्राझीलमधल्या ३० हार्ट फेल्युअर क्लिनिकांतल्या ६९९ रुग्णांवर ‘मेसेज-एचएफ’ ही चाचणी झाली. निम्म्या रुग्णांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांना त्याबरोबर दिवसाला चार मेसेज जात: स्वतःची काळजी कशी घ्यायची याची आठवण, तब्येतीची चौकशी. बिघडण्याची चिन्हं लवकर हेरावीत, हा त्यामागचा हेतू. १८० दिवसांनी पाहिलं तर रुग्ण स्वतःकडे अधिक नीट लक्ष देऊ लागले होते. मात्र हृदयावरचा ताण दाखवणारा रक्तातला एनटी-प्रोबीएनपी हा घटक दोन्ही गटांत जवळपास सारखाच उतरला होता. मुख्य कसोटी तीच होती, त्यामुळे चाचणी यशस्वी झाली असं म्हणता येत नाही. तरीही सवय बदलणं ही मला किरकोळ गोष्ट वाटत नाही. हा आजार आयुष्यभराचा आहे आणि सहा महिने त्या मानानं फार थोडे.

खरा प्रश्न मेसेजच्या पलीकडे कोण बसलंय, हा आहे. अमेरिकेतल्या ‘टेली-एचएफ’ चाचणीत १,६५३ रुग्ण होते. त्यातल्या एका गटानं रोज फोन करून यंत्राला वजन आणि लक्षणं सांगायची होती. २०१० मध्ये निकाल आला: मृत्यू किंवा पुन्हा दाखल होणं, काहीच कमी झालं नाही. त्या गटातल्या १४ टक्के रुग्णांनी ती सोय एकदाही वापरली नाही. त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. आजारी माणसानं रोज यंत्राशी काय बोलावं?

जर्मनीतल्या १,५७१ रुग्णांच्या चाचणीत वेगळं चित्र दिसलं. तिथे साधे मेसेज नव्हते. घरून वजन, रक्तदाब, ईसीजी, ऑक्सिजनची पातळी रोज पाठवली जाई आणि बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातले डॉक्टर व नर्स चोवीस तास ती पाहत. आकडा बिघडला की फोन जाई, औषध बदललं जाई. दर १०० रुग्णांमागे वर्षाला होणारे मृत्यू नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात ११.३ होते, या गटात ७.९.

आपल्याला याची निकड अधिक आहे. तिरुवनंतपुरमच्या हार्ट फेल्युअर नोंदवहीतल्या १,२०५ रुग्णांचं सरासरी वय ६१ होतं, म्हणजे पाश्चात्त्य देशांतल्या रुग्णांपेक्षा बरंच कमी. मराठीत असे मेसेज लिहायचे तर एक अडचण आधी सोडवावी लागेल. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत फक्त ७०, आणि काना, वेलांटीही वेगळी मोजली जाते. ‘आज सकाळी वजन किती? आकडा पाठवा.’ एवढं मात्र सहज बसतं. आलेला आकडा त्याच सकाळी वाचणारी आणि गरज पडल्यास फोन उचलणारी नर्स नेमली, तिचा पगार रुग्णालयाच्या खर्चात धरला, तरच हा मेसेज पाठवावा. आणि अगदी पहिल्या मेसेजमध्ये हेही हवं: आडवं झाल्यावर दम लागत असेल, श्वास कोंडून जाग येत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर उत्तर पाठवत बसू नका, थेट रुग्णालयात या.