‘सेल्फ लागत नाही’ : आरंभक यंत्रणेतील दोषांचे निदान

वर्धा जिल्ह्यातील काळ्या जमिनीत मृगाच्या पावसानंतर येणारा वापसा थोडेच दिवस टिकतो. नेमक्या त्या वेळी ट्रॅक्टर अडून बसला, तर पेरणी लांबते. ‘सेल्फ लागत नाही’ एवढेच मिस्त्रीस सांगितले जाते आणि कित्येकदा चांगली बॅटरी विनाकारण बदलली जाते.

‘सेल्फ’ हे ‘सेल्फ-स्टार्टर’ या इंग्रजी समासाचे मराठीत रुळलेले संक्षिप्त रूप होय. हाताने हँडल फिरविण्याचे श्रम वाचविणारी ही यंत्रणा चार्ल्स केटरिंग यांनी सिद्ध केली व १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत ती बसविण्यात आली. मराठीत समासाचे उत्तरपद गळाले व उरलेले पूर्वपद यंत्रास आणि ‘सेल्फ मारणे’ या क्रियेसही लागू झाले. त्यामुळे परस्परांहून भिन्न असे दोष एकाच वाक्यात सामावतात.

ते वेगळे करण्यास यंत्रणेची रचना ध्यानी घ्यावी. किल्ली फिरविताच अल्प प्रवाह सोलेनॉइडमध्ये जातो. तो बॅटरीचा शेकडो अँपिअरचा प्रवाह मोटरकडे सोडतो व तिचे लहान दातेरी चाक इंजिनाच्या फ्लायव्हीलमध्ये अडकवितो.

परीक्षेसाठी गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, पुढचे दिवे लावून किल्ली फिरवावी. ‘टक-टक-टक’ असा जलद आवाज येऊन दिवे मंदावल्यास बॅटरी उतरलेली आहे किंवा तिची टोके सैल अथवा गंजलेली आहेत, असे समजावे. दाब घसरताच सोलेनॉइड सुटतो, दाब वाढताच पुन्हा ओढला जातो. आवाजाचे कारण हेच. दिवे प्रखर राहून एकच ‘टक्’ झाल्यास सोलेनॉइडचे संपर्क किंवा मोटरचे कार्बन झिजले असण्याचा संभव अधिक. दिवे प्रखर असून आवाजच नसल्यास किल्ली, क्लचचा स्विच व सोलेनॉइडची बारीक तार तपासावी. मोटर घरघरते पण इंजिन फिरत नाही, तेव्हा दोष दातेरी चाकाचा असतो.

बारा व्होल्टची पूर्ण भारित बॅटरी विश्रांत स्थितीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. सेल्फ मारताना हा आकडा ९.६ च्या खाली जाऊ नये. तो टिकूनही इंजिन रेंगाळत फिरत असेल, तर जाड तारा व अर्थिंगचे जोड पहावेत. वैदर्भीय उन्हाळ्यात बॅटरीतील पाणी आटते व उभ्या यंत्राची बॅटरी आपोआप उतरते. म्हणून ही तपासणी मृगापूर्वीच करावी.

मिस्त्रीस सांगताना आवाज कसा आला व दिव्यांचे काय झाले, ही दोन वाक्ये जोडली, तर निदानाचे अर्धे काम तेथेच होते.