ओबेलिक्सच्या पाठीवरचा दगड

अ‍ॅस्टरिक्सच्या चित्रकथा वाचलेल्यांना पाठीवर भलाथोरला दगड घेऊन हिंडणारा गॉल ओबेलिक्स आठवत असेल. त्यामुळे फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातले उभे दगड, म्हणजे मेनहिर, गॉल लोकांनी उभारले असं अनेकांना वाटतं. गॉलवर स्वारी करणारा सीझर आपल्याहून दोन हजार वर्षं जुना. ब्रिटनीतल्या लोकमारियाकेर गावचा सर्वांत मोठा मेनहिर सीझरहूनही चार हजार वर्षांपेक्षा जुना आहे. गॉल आणि त्यांचे ड्रुइड पुरोहित यांच्यासाठीही तो प्राचीनच होता.

हा मेनहिर 20 मीटरहून लांब आणि सुमारे 280 टनांचा. आज तो चार तुकडे होऊन आडवा पडलाय. तो कशाने पडला यावर अभ्यासकांत वाद आहेत. पण हे दगड उभारले तेव्हापासून कुणी त्यांना हातच लावला नाही, हा समज मात्र नक्की खोटा. उत्खननात या मोठ्या मेनहिरच्या शेजारी एका रांगेत आणखी दगडांचे रिकामे खड्डे सापडले. ते दगड अश्मयुगातच उपटले गेले होते. 1980 च्या दशकात तर मोठी गंमत झाली. जवळच्या गाव्रिनिस बेटावरच्या थडग्याच्या छताची वरची, एरवी झाकलेली बाजू मोकळी केली, तर तिथे शिंगांच्या जनावराचं अर्धवट कोरीवकाम! ते जुळलं लोकमारियाकेरमधल्या दुसऱ्या थडग्याच्या छताशी. एकाच मेनहिरचे तुकडे करून ते वेगवेगळ्या ठिकाणी वापरले होते. म्हणजे एका पिढीचं दैवत (असेल तर) पुढच्या पिढीच्या थडगेबांधणीचं सामान झालं.

जवळच्याच कार्नाक गावातल्या उभ्या दगडांच्या प्रसिद्ध रांगाही जशाच्या तशा टिकलेल्या नाहीत. पडलेले कित्येक दगड पुन्हा उभे केले गेले. तिथले संशोधक झाकारी ल रूझिक यांनी अशा दगडांच्या पायथ्याशी लाल सिमेंटची छोटी खूण ठेवली. नवं काम जुनं म्हणून खपवायचं नाही, हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो.

उभा दगड म्हणजे थडगं, हे समीकरण आपल्याकडे सहज होतं, कारण नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळं खरोखर लोहयुगातली दफनस्थळं आहेत. कार्नाकमध्ये मात्र प्रत्येक दगडाखाली माणूस पुरलेला नाही. (जुनापाणीला एकोणिसाव्या शतकात खोदकाम करणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव रिव्हेट-कार्नाक होतं. हा निव्वळ योगायोग.)

राहिला शेवटचा समज: दगड प्रसिद्ध असले की सुरक्षित. युनेस्कोच्या 2025 च्या ज्या अधिवेशनात शिवरायांचे 12 किल्ले जागतिक वारशात गेले, त्यातच कार्नाक आणि ब्रिटनीतल्या मॉर्बिहानच्या किनाऱ्यावरचे हे महापाषाणही गेले. पण त्याच्या दोन वर्षं आधी कार्नाकमध्येच एका दुकानाच्या बांधकामात 39 लहान दगड नष्ट झाल्याचा आरोप झाला आणि फ्रान्सभर गदारोळ उठला. ते दगड महत्त्वाचे नव्हतेच, असं सरकारी खात्याचं म्हणणं पडलं. महत्त्व ठरवायचं तर आधी खोदून पाहायला हवं होतं. तोवर तिथे इमारत उभी राहिली होती.