ख्रिस्ती धर्म, राजकारण आणि चित्रपट

ख्रिस्ती धर्मसंस्था व राज्यसत्ता यांच्या परस्परसंबंधांचे चित्रपटांत झालेले चित्रण आणि त्याला श्रद्धावंतांनी दिलेला प्रतिसाद, असे या विषयाचे दुहेरी स्वरूप आहे. येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरील चित्रपट, धर्मगुरू व मिशनरी यांचे सार्वजनिक कार्य दाखविणारे चित्रपट आणि ख्रिस्ती समाजाचे राष्ट्रीय जीवनातील स्थान सूचित करणारे सामाजिक व करमणूकप्रधान चित्रपट, या तिन्हींचा त्यात अंतर्भाव होतो. यूरोप-अमेरिकेत ख्रिस्ती समाज बहुसंख्य असल्यामुळे तेथील वाद मुख्यतः धर्मसंस्थेच्या सत्तेविषयी आहेत. भारतात हा समाज अल्पसंख्य आहे. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार ख्रिस्ती लोकसंख्या सु. १०·८ लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी होती. त्यामुळे येथे हा धर्म परका की या भूमीतलाच, हा प्रश्न राजकारणात आणि पडद्यावरही वारंवार पुढे येतो.

यवतमाळची पार्श्वभूमी : हा प्रश्न महाराष्ट्रात कसा निर्माण झाला, हे यवतमाळ जिल्ह्याच्या इतिहासावरून स्पष्ट होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्री मेथडिस्ट पंथाच्या अमेरिकन मिशनने या जिल्ह्यात कार्य सुरू केले. पुढे उमरी येथे मिशनचे रुग्णालय झाले आणि १९५३ मध्ये यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरी ही धर्मशिक्षणसंस्था स्थापन झाली. तेथे भारतातील अनेक प्रांतांचे विद्यार्थी येत. ही संस्था १९८३ मध्ये पुण्यास हलविण्यात आली. याच पंथाचे मिशनरी अर्नेस्ट वॉर्ड यांची आणि कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांची १८९३ च्या सुमारास राजनांदगावच्या आगगाडीच्या प्रवासात गाठ पडली व वॉर्ड यांनी त्यांना बायबलची प्रत दिली, असे टिळकांच्या चरित्रात सांगितले जाते. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. परंतु ख्रिस्तभक्ती त्यांनी अभंग व कीर्तन या मराठी रूपांतून व्यक्त केली आणि १९१७ मध्ये मिशनची पगारी सेवा सोडून ‘देवाचा दरबार’ हा स्वतंत्र उपक्रम आरंभिला. विदेशी मिशनने आणलेला धर्म आणि त्याने घेतलेले एतद्देशीय रूप, अशा दोन्ही बाजू या एकाच संबंधात दिसतात.

स्वातंत्र्योत्तर काळात यवतमाळ जिल्हा मध्य प्रदेश राज्यात होता. त्या राज्याच्या शासनाने एप्रिल १९५४ मध्ये निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली ख्रिस्ती मिशनरी कार्याची चौकशी करणारी समिती नेमली. समितीचा अहवाल १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. विदेशी पैसा, सेवाकार्यातून होणारी धर्मांतरे आणि त्यांमागील राजकीय हेतू यांविषयी त्यात गंभीर आक्षेप होते. धर्मांतर हेच मुख्य उद्दिष्ट असलेल्या विदेशी मिशनऱ्यांना परत जाण्यास सांगावे, वैद्यकीय सेवेचा धर्मांतरासाठी वापर करण्यास कायद्याने बंदी करावी, अशा त्याच्या शिफारशी होत्या. कॅथलिकांच्या वतीने १९५७ मध्ये मुंबईहून या अहवालास उत्तर देणारे पुस्तक निघाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला; त्यामुळे मध्य प्रदेशात १९६८ मध्ये झालेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा यवतमाळला लागू झाला नाही. मात्र ख्रिस्ती म्हणजे परकीयांशी बांधलेला, ही धारणा लोकमानसात टिकून राहिली. चित्रपटांतील चित्रणाचा अर्थ या पार्श्वभूमीवर लावावा लागतो.

ख्रिस्तचरित्रपट : ख्रिस्ताची कथा मुळातच राजकीय प्रसंगांनी भरलेली आहे. परकीय रोमन सत्ता, तिच्या छायेखालील मंदिराचे पुरोहित, सशस्त्र बंडाची आशा बाळगणारे गट आणि त्यांच्यामध्ये सापडलेली जनता हे तिचे घटक होत. पिलाताने दिलेला क्रुसाचा दंड राजद्रोहाच्या आरोपाशी निगडित आहे. त्यामुळे मृत्यूची जबाबदारी कोणावर ठेवायची, हे ठरविताना दिग्दर्शकाला राजकीय भूमिका घ्यावीच लागते. सेसिल बी. डमिल यांच्या द किंग ऑफ किंग्ज (१९२७) या मूकपटावर ज्यू संघटनांनी आक्षेप घेतल्याने त्यात बदल करण्यात आले. याच नावाने निकोलस रे यांनी १९६१ मध्ये काढलेल्या चित्रपटात बरब्बा हा रोमविरुद्ध लढणारा राष्ट्रवादी पुढारी दाखविला आहे. इटालियन दिग्दर्शक पाझोलीनी हे मार्क्सवादी होते. तथापि मत्तयाच्या शुभवर्तमानावर आधारलेला त्यांचा चित्रपट (१९६४) कॅथलिक चित्रपटसंस्थेच्या पारितोषिकास पात्र ठरला आणि व्हॅटिकनने १९९५ मध्ये केलेल्या निवडक ४५ चित्रपटांच्या यादीतही त्याला स्थान मिळाले. उलटपक्षी मार्टिन स्कोर्सेसी यांच्या द लास्ट टेम्प्टेशन ऑफ क्राइस्ट (१९८८) विरुद्ध अनेक देशांत निदर्शने झाली आणि पॅरिसमधील एका चित्रपटगृहास आग लावण्यात आली. श्रद्धावंतांचा प्रतिसाद दिग्दर्शकाच्या स्वतःच्या श्रद्धेवर अवलंबून नसतो. ख्रिस्ताच्या व्यक्तित्वाला धक्का लागला की नाही, यावर तो प्रामुख्याने ठरतो, असे या उदाहरणांवरून दिसून येते.

फाळके आणि स्वदेशी चित्रपट : भारतीय चित्रपटाच्या उगमाशीच एका ख्रिस्तचरित्रपटाचा संबंध आहे. धुंडिराज गोविंद फाळके (१८७०–१९४४) यांनी १९१०–११ च्या सुमारास मुंबईतील एका चित्रपटगृहात ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. तो पाहत असता आपल्या मनश्चक्षूंपुढे राम व कृष्ण यांची चरित्रे उभी राहिली आणि भारतीय प्रतिमा पडद्यावर केव्हा दिसतील या विचाराने आपण अस्वस्थ झालो, असे त्यांनी १९१७ मध्ये नवयुग मासिकातील लेखमालेत नमूद केले. त्यातून राजा हरिश्चंद्र हा चित्रपट निर्माण होऊन ३ मे १९१३ पासून मुंबईत लोकांना दाखविला जाऊ लागला. फाळके यांच्या दृष्टीने हे स्वदेशीचे कार्य होते. ख्रिस्तकथेविषयी त्यांनी विरोध दर्शविला नाही. उलट, धर्मकथेच्या चित्रणातून समाज एकत्र येतो, हे तिच्यापासून त्यांनी घेतले. या कथांतील राजकीय आशय ब्रिटिश शासनाच्याही ध्यानात आला. गांधीजींशी साम्य दाखविणाऱ्या भक्त विदुर (१९२१) या चित्रपटावर काही प्रांतांत बंदी आली आणि संत एकनाथांवरील प्रभातच्या चित्रपटाचे महात्मा हे नाव परिनिरीक्षकांच्या, म्हणजेच सेन्सॉरच्या, आक्षेपामुळे बदलून धर्मात्मा (१९३५) असे करावे लागले.

धर्मगुरू आणि राज्यसत्ता : राज्यसत्तेला सामोरा जाणारा धर्मगुरू हा पाश्चात्त्य चित्रपटांतील एक प्रमुख विषय आहे. रॉबेर्तो रोसेलीनी यांच्या रोम, ओपन सिटी (१९४५) मधील जर्मनांच्या गोळ्यांना बळी पडणारा पाद्री, ए मॅन फॉर ऑल सीझन्स (१९६६) मधील राजाज्ञा नाकारणारे टॉमस मोर आणि रोमेरो (१९८९) मधील एल साल्व्हादोरचे आर्चबिशप ही त्याची ठळक उदाहरणे होत. द मिशन (१९८६) मध्ये दक्षिण अमेरिकेतील आदिवासींच्या बाजूने उभे राहिलेले जेझुइट आणि वसाहतवादी सत्तांपुढे नमणारी धर्मसंस्था, अशा दोन्ही बाजू दाखविल्या आहेत. भारताच्या संदर्भात रिचर्ड ॲटनबरो यांच्या गांधी (१९८२) मधील चार्ल्स फ्रिअर अँड्रूज यांची व्यक्तिरेखा उल्लेखनीय आहे. ब्रिटिश धर्मोपदेशक भारतीय स्वातंत्र्याच्या पक्षाला असू शकतो, हे तीवरून असंख्य प्रेक्षकांना कळले.

हिंदी व मराठी चित्रपट : गोवामुक्तीवरील सात हिंदुस्तानी (१९६९) या ख्वाजा अहमद अब्बास यांच्या चित्रपटात मरिया ही गोमंतकीय ख्रिस्ती स्त्री मुक्तिलढ्यात भाग घेते. श्याम बेनेगल यांच्या त्रिकाल (१९८५) मध्ये मुक्तीपूर्वीच्या गोव्यातील एका ख्रिस्ती कुटुंबाची द्विधा मनःस्थिती चित्रित केली आहे. मनमोहन देसाई यांच्या अमर अकबर अँथनी (१९७७) मध्ये पाद्र्याने वाढविलेला अँथनी राष्ट्रीय एकात्मतेच्या रूपकाचा एक घटक बनतो. सईद अख्तर मिर्झा यांच्या अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है (१९८०) मध्ये मुंबईतील एका ख्रिस्ती मोटारदुरुस्ती कामगाराला गिरणीसंपाच्या निमित्ताने आपल्या वर्गाची जाणीव होते. येथे ख्रिस्ती माणूस नागरिक व कामगार म्हणून राजकारणात येतो, हे या चित्रपटाचे वेगळेपण होय.

तथापि करमणूकप्रधान हिंदी चित्रपटांत ख्रिस्ती व्यक्तीचा एक ठरीव साचा रूढ झाला. इंग्रजीमिश्रित बोली, पाश्चात्त्य पोशाख, मद्यपान आणि मुंबई किंवा गोवा येथील वस्ती ही त्याची लक्षणे होत. वऱ्हाड, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) किंवा मराठवाड्यातील मराठी बोलणारा, शेती वा मजुरी करणारा, अभंग व भजने गाणारा ख्रिस्ती त्यात बसत नाही. त्यांच्यापैकी अनेकांचे पूर्वज अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील होते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींचा दर्जा ख्रिस्ती व्यक्तींना मिळत नाही. या समाजाचा हा सर्वांत जिव्हाळ्याचा राजकीय प्रश्न असूनही लोकप्रिय चित्रपटाने त्याची क्वचितच दखल घेतली. मराठीत लक्ष्मीबाई टिळकांच्या स्मृतिचित्रे या आत्मचरित्रावर विजया मेहता यांनी दूरदर्शनसाठी केलेला चित्रपट हा महत्त्वाचा अपवाद होय. धर्मांतर म्हणजे एका कुटुंबाने सोसलेली ताटातूट आणि पुन्हा जुळवून घेतलेले नाते, हे त्या आत्मचरित्रातून कळते. समीर विद्वांस यांच्या आनंदी गोपाळ (२०१९) या चित्रपटाच्या विषयालाही या प्रश्नाची एक बाजू आहे : पत्नीच्या शिक्षणासाठी गोपाळराव जोशी यांनी अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांच्याकडे साहाय्य मागितले, तेव्हा धर्मांतराची अपेक्षा त्यांच्यापुढे आली होती.

फिरती प्रदर्शने : ख्रिस्ती संस्थांनी स्वतःही चित्रपटाचा उपयोग केला. ए. भीमसिंग यांचा करुणामयुडू (१९७८) हा तेलुगू चित्रपट हिंदीत दयासागर या नावाने आणि इतरही भाषांत रूपांतरित झाला. त्यात भारतीय पौराणिक चित्रपटाची शैली स्वीकारलेली असून विजयचंदर यांनी ख्रिस्ताची भूमिका केली आहे. फिरत्या पथकांनी प्रक्षेपक व पडदा नेऊन तो खेडोपाडी उघड्या मैदानांत दाखविला. लूकच्या शुभवर्तमानावर आधारलेल्या जीझस (१९७९) या चित्रपटाच्या जगातील दोन हजारांहून अधिक भाषांतील आवृत्त्यांत मराठीचाही समावेश आहे. अशा खेळांना जोडून प्रवचन व प्रार्थना होत असल्यामुळे त्यांच्याकडे दोन दृष्टींनी पाहिले जाते. आयोजकांच्या मते संविधानाच्या अनुच्छेद २५ ने दिलेल्या धर्मप्रसाराच्या हक्कात ते मोडतात. विरोधकांना त्यांत धर्मांतराचे साधन दिसते. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात, प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा निर्णय दिला. आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगण्याची मोकळीक मात्र त्याने मान्य केली.

श्रद्धावंतांच्या प्रतिक्रिया : भारतीय ख्रिस्ती समाजाने आक्षेप नोंदविण्यासाठी बहुधा निवेदने, शांततामय निदर्शने आणि न्यायालयीन अर्ज हे मार्ग अवलंबिले. कॅथलिक पाद्र्याच्या अनैतिक संबंधांवरील सिन्स (२००५) या चित्रपटास कॅथलिक संघटनांनी विरोध केला. तरी तो प्रदर्शित झाला. सर्वांत मोठा वाद द दा विंची कोड (२००६) या चित्रपटाविषयी झाला. धर्मसंस्थेने ख्रिस्ताविषयीचे सत्य सत्तेसाठी दडपले, असे त्याचे कथानक आहे. केंद्र शासनाने ख्रिस्ती प्रतिनिधींना चित्रपट दाखविला आणि कथा काल्पनिक असल्याचे निवेदन जोडून केवळ प्रौढांसाठी तो संमत झाला. तरीही गोवा, नागालँड, पंजाब, तमिळनाडू व आंध्र प्रदेश या राज्यांनी त्यावर बंदी घातली. देशव्यापी बंदीची मागणी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. आंध्र प्रदेश व मद्रास येथील उच्च न्यायालयांनी आपापल्या राज्यांतील बंदी रद्द ठरविली. संमत झालेला चित्रपट केवळ विरोधाच्या भीतीने बंद करता येत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच रंगराजन खटल्यात सांगितले होते. या वादात ख्रिस्ती समाजातही एकमत नव्हते. बंदीमुळे चित्रपटास अकारण प्रसिद्धी मिळते, असे अनेकांना वाटत होते.

अलीकडे आक्षेपाऐवजी स्वतःची बाजू मांडणारे चित्रपटही निघाले आहेत. ओडिशात १९९९ मध्ये दोन मुलांसह जाळून मारण्यात आलेले कुष्ठसेवक ग्रॅहम स्टेन्स यांच्यावरील द लीस्ट ऑफ दीज (२०१९) आणि मध्य प्रदेशातील शेतमजुरांना सावकारीविरुद्ध संघटित करताना १९९५ मध्ये मारल्या गेलेल्या सिस्टर राणी मरिया यांच्यावरील द फेस ऑफ द फेसलेस (२०२३) ही त्यांची उदाहरणे होत. पहिल्यात धर्मांतराच्या संशयाचा प्रश्न थेट हाताळला आहे. दुसऱ्यात धर्मसेवा आणि आर्थिक न्याय यांचा संबंध दाखविला आहे.

समालोचन : ख्रिस्ताच्या अवमानाविरुद्ध आवाज उठविणे श्रद्धावंतांना सोपे गेले, कारण अवमान डोळ्यांना दिसतो. पडद्यावर आपण नसणे ही त्याहून खोल हानी असूनही तिच्याविरुद्ध अर्ज करता येत नाही. नियोगी समितीपासून चालत आलेली परकेपणाची शंका आणि चित्रपटांतील ठरीव ख्रिस्ती पात्र यांनी परस्परांना बळकटी दिली. यवतमाळसारख्या जिल्ह्यातील मराठी ख्रिस्ती या दोहोंच्या मध्ये अदृश्य राहिला. टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आणून या शंकेला काव्यातून उत्तर दिले होते; मराठी चित्रपटात तसे उत्तर अद्याप क्वचितच आढळते.