दावणीला बैल, दारात ट्रॅक्टर

सोलापूर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे चादरी येतील, शेंगदाण्याची चटणी येईल, नाहीतर पंढरीची वारी. पण आज मी तुम्हाला नेणार आहे सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात. हा बाजार दर रविवारी भरतो. पांढरीशुभ्र, लांब शिंगांची, ताठ मानेची खिलार खोंडं ओळीनं उभी असतात. व्यापारी उपरण्याखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबतात, आणि तोंडातून अवाक्षर न काढता हजारोंचा व्यवहार होऊन जातो. पाहण्यासारखा देखावा असतो. मात्र तुम्ही गेलात तर एक गोष्ट लगेच ध्यानात येईल. या बाजारात बायका शोधाव्या लागतात.

बैल घ्यायचा की विकायचा हे ठरतं इथं, चहाच्या टपरीवर. त्या बैलाला पहाटे वैरण टाकणारी, त्याचं शेण काढणारी, घागरी आणून कुंडी भरणारी घरी असते. बऱ्याचदा तिला कळतं ते दावण रिकामी दिसल्यावर! म्हणून म्हटलं, 'बैल बरा की ट्रॅक्टर बरा' हा जो पुरुषमंडळींचा पारावरचा वाद आहे, तो एकदा आपण आपल्या बाजूनं पाहू या.

खरं तर सोलापूर जिल्ह्यातल्या ज्वारीच्या रानानं हा वाद आपल्यापुरता कधीच मिटवला आहे, आणि तोही 'दोन्ही हवेत' असा. मंगळवेढ्याची ज्वारी तुम्ही ऐकून असाल. २०१६ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या भागातलं पीक म्हणजे मालदांडी. तिचा 'मालदांडी ३५-१' हा वाण मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३० च्या दशकात निवडला गेला, आणि इतकी वर्षं झाली तरी भाकरी खाणाऱ्या घरांनी तो सोडलेला नाही. या ज्वारीच्या रानाची उन्हाळी नांगरट आता बहुतेक ठिकाणी भाड्याच्या ट्रॅक्टरनं होते. काळी चिकण जमीन वाळून दगड झालेली असते. पूर्वी तिथं एका जड नांगराला तीन-तीन, चार-चार जोड्या जुंपाव्या लागत. आता ट्रॅक्टर येतो आणि सकाळच्या न्याहारीच्या आत एकर उलटून जातो. त्याबद्दल कुणी हळहळू नये. त्या नांगरटीत बैलांचे आणि गड्यांचे हाल होत असत.

पण पेरणी झाल्यावर ट्रॅक्टरचं पुष्कळसं काम संपतं. रब्बी ज्वारी पेरतात मध्य सप्टेंबर ते मध्य ऑक्टोबरच्या सुमारास, दोन ओळींत जेमतेम दीड फूट अंतर ठेवून. पुढे पाऊस जवळजवळ नाहीच. जमिनीत मुरलेल्या ओलीवरच कणीस भरायचं. काळी जमीन वाळली की भेगाळते, आणि त्या भेगांतून ओल उडून जाते. म्हणून तीन कोळपण्या करायच्या. पहिली तीन आठवड्यांनी फटीच्या पासेच्या कोळप्यानं, दुसरी पाच आठवड्यांनी अखंड पासेच्या कोळप्यानं आणि तिसरी आठ आठवड्यांनी दातेरी कोळप्यानं. तण जातं, भेगा बुजतात, वर भुसभुशीत मातीची दुलई पसरते. आठव्या आठवड्यात ताटं चांगली वाढलेली असतात. तिथं ट्रॅक्टर घातला तर निम्मं पीक आडवं. बैल मात्र तोंडाला मुसकं बांधून, ओळीतून पाय टाकत अलगद जातो. एका ताटाला धक्का लागत नाही. हे काम करणारा बैल हौसेचा नाही, पाण्याची बचत करणारा आहे असं समजा.

आता थोडा इतिहास सांगते, कारण त्यात एक गंमत आहे. खिलारांतली आटपाडी महालाची जात नामांकित. हा आटपाडी महाल औंध संस्थानातला. आणि याच औंधच्या राजांनी दिलेल्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. त्यांचा लोखंडी नांगर शेतकरी सुरुवातीला घेईनात. लोखंडानं जमीन विषारी होते, अशी समजूत होती! म्हणजे 'यंत्र आलं, आता शेती बुडाली' ही ओरड ट्रॅक्टरच्याही आधीची आहे. नांगराबरोबर ते कडबा कापायचं यंत्रही करत. त्याच घरानं पुढे १९३० मध्ये 'स्त्री' मासिक काढलं, ते तुमच्या आजीनं वाचलेलं असेल. लोखंडी नांगर आला, पण ओढायला बैलच राहिला. नवं अवजार आणि जुनं जनावर, ही जोडी आपल्याकडे शंभर वर्षांची आहे.

जुन्या नांगरटीबरोबर एक गोष्ट मात्र गेली, ती म्हणजे इर्जिक. एखाद्याचं रान मागं पडलं की शेजारीपाजारी आपापल्या बैलजोड्या घेऊन यायचे आणि दिवसभरात काम उरकून द्यायचे. मजुरी नाही, फक्त पोटभर जेवण. (ते जेवण रांधताना घरातल्या बायकांची काय तारांबळ उडे, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, ते सोडा.) इर्जिकीमुळे माणसं एकमेकांना बांधलेली राहत. ट्रॅक्टरवाल्याचं भाडं चुकतं केलं की संबंध संपला.

हीच गोष्ट मनाशी घट्ट धरून बसलेले लोक दूर अमेरिकेत आहेत. आमिश म्हणतात त्यांना. स्वित्झर्लंड आणि आसपासच्या मुलखातून हे ख्रिस्ती पंथाचे शेतकरी अठराव्या शतकात पेन्सिल्व्हानियात गेले. आज त्यांची संख्या चार लाखांच्या घरात आहे. ते घोड्यांवर आणि खेचरांवर शेती करतात, म्हणून लोकांना वाटतं, यांना यंत्राचा विटाळ असेल. तसं मुळीच नाही! त्यांच्या शेतात गवताचे गठ्ठे बांधायचं यंत्र असतं, त्याच्यावर इंजिन धडधडत असतं, आणि ते सगळं धूड ओढत असतात घोडे. काहींच्या कोठारात ट्रॅक्टरही असतो, पण तो एका जागी उभा राहून पट्ट्यानं दुसरं यंत्र फिरवतो. शेतात त्यानं जायचं नाही. यंत्राला लोखंडी चाकं चालतात, हवेचे टायर नाहीत. टायर आले की ते रस्त्यावर धावणार, माणूस लांब लांब जाणार आणि शेजार सुटणार, हा त्यांचा हिशेब. कोणतं यंत्र घ्यायचं हे एकट्यानं ठरवायचं नाही, सगळ्या मंडळीनं मिळून ठरवायचं. दर वस्तीचे नियम थोडे निराळे.

आणि मैत्रिणींनो, ऐका. ज्या घरात तारेवरची वीज घेत नाहीत, त्या घरातसुद्धा कपडे धुवायचं यंत्र असतं, इंजिनावर चालणारं. धुणं हे कष्टाचं काम आहे, त्याला यंत्र असायला हरकत नाही, असं त्यांच्यातल्या अनेक वस्त्यांनी मान्य केलं. त्यांचं सगळंच उचलावं असं मी म्हणत नाही हं. मुलांची शाळा आठवीला संपते, धर्मोपदेशक सगळे पुरुष. ते त्यांचं त्यांना लखलाभ. पण यंत्र दारात येण्याआधी त्याच्याबद्दल बसून विचार करायचा, ही रीत मला घेण्यासारखी वाटते.

आपल्याकडे हा विचार राहून जातो. टायरगाडीचंच पाहा. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांची दाटी आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीची बिऱ्हाडं येतात आणि बैलगाड्यांच्या रांगा लागतात. पूर्वी गाडीला लाकडी चाकं असत, त्यावर लोखंडी धाव. मग टायरची चाकं आली, गाडी हलकी पळू लागली. बैलाचे कष्ट कमी झाले असतील असं तुम्हाला वाटेल. झालं उलट. गाडी हलकी म्हणून ऊस जास्त भरू लागले, दोन-दोन, तीन-तीन टन! २०२२ साली सांगली जिल्ह्यातल्या राजारामनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी गाडीच्या पुढच्या बाजूला आधाराचं एक जादा चाक बसवून दाखवलं. त्यानं बैलांच्या मानेवरचा भार कमी होतो. 'सारथी' असं नाव दिलं त्याला. त्या पोरांचं मला फार कौतुक वाटलं.

आता घरचा हिशेब. तुमच्या घरी बैलजोडी ठेवायची की काढायची असा प्रश्न असेल, तर कागद-पेन्सिल घ्या. जोडीला दिवसाला पंधरा-वीस किलो कोरडी वैरण लागते. वर्षाची सहा-सात टन झाली. म्हणजे कोरडवाहू ज्वारीच्या चार-पाच एकरांतला कडबा जोडीच खाते. पाणी रोज चार-पाच घागरी, उन्हाळ्यात जास्तच. जमेच्या बाजूला शेण, दिवसाला वीस किलो तरी. ते उकिरड्यात गेलं तर खत, थापलं तर गोवऱ्या. विकत आणलेल्या खताच्या पोत्याशी त्याची किंमत लावून पाहा. औताला बैल वर्षात शंभर दिवसही लागत नाही, खायला मात्र तीनशे पासष्ट दिवस लागतं. आणखी एक, २०१५ पासून महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीला बंदी आहे, त्यामुळे थकलेल्या बैलाचं वैरणपाणी शेवटपर्यंत घरालाच करावं लागतं. दुसऱ्या बाजूनं, शर्यतींना २०१४ मध्ये घातलेली बंदी २०२१ च्या डिसेंबरात उठली आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या कायद्यावर शिक्कामोर्तब केलं. तेव्हापासून पळणाऱ्या खिलार खोंडाला मोल आलं आहे. पण शर्यतीचा बैल कोळपणी करत नाही, उलट त्याचीच बडदास्त ठेवावी लागते.

जमीन थोडी असेल तर मधला मार्ग आहे. एक बैल तुमचा, एक शेजाऱ्याचा, आणि काम दोघांच्या रानात सावडीनं. आपल्या आजी-आजोबांनी हेच केलं.

या हिशेबात एक रकाना बहुतेक घरांत कोराच राहतो, तो म्हणजे बाईच्या कामाचा. नीट पाहिलंत तर यंत्र आधी आलं ते बैलाच्या कामाला. नांगरट बैलाची होती, तिला ट्रॅक्टर आला. मळणीत तिवड्याभोवती बैल फिरत, तिथं मळणी यंत्र आलं. पण खुरपं अजून बाईच्याच हातात आहे. ज्वारी अजून कमरेत वाकून, ताट मुठीत धरून उपटावी लागते. त्यात गडीही असतात, पण मागून कणसं मोडणं, पेंढ्या बांधणं, धसकटं वेचणं हे बहुतेक बायकांकडेच. मालदांडीला मोठं कापणी यंत्र चालत नाही, त्याला कारणही आहे. ताट उंच, आणि यंत्रानं कडब्याचा चुरा झाला तर तो कडबा कोण घेणार? मग तोवर निदान हातातली अवजारं तरी चांगली असावीत. दातेरी 'वैभव विळा' हलका आहे, त्यानं गवत-पिकं कापताना मनगट कमी दुखतं. ट्रॅक्टरला नवा फाळ घेताना कुणी दोनदा विचार करत नाही. विळ्यालाच का करावा?

जी यंत्रं आपल्या हाताखाली आली आहेत, ती सांभाळून वापरा. मळणी यंत्रात कणसं लोटताना पदर कमरेला घट्ट खोचा, वेणी सुटी ठेवू नका, डोक्याला रुमाल बांधा, काचेच्या बांगड्या त्या दिवसापुरत्या उतरवा. हात आत ओढला जाऊन अपंग झालेली माणसं तुम्हालाही माहीत असतील. १९८३ मध्ये केंद्र सरकारनं धोकादायक यंत्रांचा कायदा केला, त्यात मळणी यंत्राचं नाव घातलेलं आहे. कणसं टाकायची पन्हाळी लांब आणि वरून झाकलेली असावी, म्हणजे हात आतल्या दात्यांपर्यंत पोहोचतच नाही. भाड्याचं यंत्र दारात आलं की आधी ती पन्हाळी पाहा, नसेल तर यंत्रवाल्याला सरळ परत पाठवा. दमलेल्या माणसानं, अंधारात, घाईनं मळणी करू नये. कडबाकुट्टीचंही तेच. कडबा वाया जात नाही, वैरणीचे कष्ट निम्मे होतात, पण ती चालू असताना लेकरू जवळपास नको आणि काम झालं की विजेची पिन काढून ठेवायची.

सध्या खळ्यावरची कामं उरकली की बैलांच्या खरेदी-विक्रीचं बोलणं घरोघर निघतं. तुमच्याही घरी निघेल. तेव्हा वर सांगितलेला कागद पुढे ठेवा, कोऱ्या रकान्यासकट. आणि रविवारी सांगोल्याला टेम्पो निघाला तर तुम्हीही चढा. जागा होईल. भाकरी मात्र आदल्या रात्रीच बांधून ठेवा, कारण बाजार भल्या पहाटे भरतो.