ब्लॉकेज उघडले, मग अजून आयसीयू कशाला? रक्तपुरवठा परत सुरू होताना होणारी इजा

"डॉक्टर, ब्लॉकेज तर उघडलं म्हणता. मग बाबांना अजून आयसीयूत का ठेवलंय? आणि मशीनवर ठोके मधेच वेडेवाकडे का दिसताहेत?"

अँजिओप्लास्टीनंतर हा प्रश्न नातेवाईक हमखास विचारतात. छत्रपती संभाजीनगरच्या रुग्णालयांत जालना, बीड, सिल्लोड, कन्नड, वैजापूर अशा ठिकाणांहून रुग्ण येतात. घरची मंडळी रात्रभर जागी असतात, पैशांची जुळवाजुळव चाललेली असते. "नस उघडली" हे ऐकून जरा हायसे वाटते आणि पुढच्याच तासात रुग्ण पुन्हा अस्वस्थ दिसतो. मग मनात येते, उपचारात काही चुकले तर नाही ना?

बहुतेक वेळा चुकलेले काही नसते. थांबलेला रक्तपुरवठा पुन्हा सुरू होताना शरीराच्या त्या भागाला थोडी नवी इजा होऊ शकते. वैद्यकीय भाषेत तिला 'रिपर्फ्युजन इंज्युरी' म्हणतात. ती का होते, कशी ओळखायची आणि तिच्यापासून बचाव कसा होतो, हे या लेखात पाहू.

रक्त थांबते तेव्हा काय होते?

प्रत्येक पेशीला रक्तातून प्राणवायू आणि साखर मिळते. त्यातून ती ऊर्जा तयार करते. रक्तवाहिनीत गुठळी अडकली की हा पुरवठा बंद होतो. पेशी काही काळ प्राणवायूशिवाय कशीबशी ऊर्जा बनवते, पण त्यात आम्ल साचत जाते. ऊर्जा संपत आली की पेशीच्या भिंतीवरचे 'पंप' थांबतात. नको असलेले सोडियम आणि कॅल्शियम आत शिरते, पेशी फुगू लागते.

प्रत्येक अवयवाची सहनशक्ती वेगळी असते. मेंदूच्या पेशी काही मिनिटांतच मरू लागतात. मोठी रक्तवाहिनी बंद होऊन लकवा झाला, तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात असा अंदाज आहे. हृदयाचा स्नायू २० ते ३० मिनिटांनंतर मरू लागतो आणि पुढच्या काही तासांत नुकसान पसरत जाते. हातापायांचे स्नायू साधारण सहा तासांपर्यंत तग धरतात.

रक्त परत येते तेव्हा इजा का होते?

शेतावरचे उदाहरण घ्या. बराच वेळ लाइट गेलेली असते. गावातल्या सगळ्या मोटारी ऑटोवर लावलेल्या असतात. लाइट येते, सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात आणि त्या भाराने डीपी जळते. यात विजेचा दोष नसतो. वीज हवीच होती. पण थकलेल्या यंत्रणेवर सगळा भार एकाच क्षणी आला.

पेशीतही असेच घडते. प्राणवायू अचानक परत आला की पेशीतली ऊर्जाकेंद्रे काही मिनिटे बिघडल्यासारखी चालतात आणि 'फ्री रॅडिकल्स' नावाचे घातक रेणू मोठ्या प्रमाणात तयार करतात. आधीच साचलेल्या कॅल्शियममध्ये आणखी भर पडते. परत आलेल्या रक्ताबरोबर पांढऱ्या पेशी येतात आणि सूज वाढते. अगदी बारीक रक्तवाहिन्या सुजेने बंद होतात. म्हणून कधी कधी मोठी नस पूर्ण उघडलेली असते, पण स्नायूच्या आतपर्यंत रक्त पोहोचत नाही.

अमेरिकेतील रॉबर्ट जेनिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० मध्येच कुत्र्यांच्या हृदयावरील प्रयोगांत हे बदल नोंदवले होते. हृदयविकाराच्या झटक्यात शेवटी होणाऱ्या नुकसानीपैकी निम्म्यापर्यंत वाटा या इजेचा असू शकतो, असे प्राण्यांवरील प्रयोगांतून दिसले आहे.

मग नस उघडणेच धोक्याचे का?

नाही. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: रक्तपुरवठा परत आला नाही, तर तो भाग मरणारच. परत आला, तर थोडे नुकसान होऊनही बराच भाग वाचतो. आणि रक्त जितका कमी वेळ थांबलेले असेल, तितकी परत येतानाची इजाही सहसा कमी असते. त्यामुळे या इजेवरचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे लवकर पोहोचणे.

ग्रामीण भागातल्या कुटुंबांसाठी हे फार महत्त्वाचे आहे. छातीत दुखायला लागल्यावर "इथे नको, थेट संभाजीनगरलाच नेऊ" असे ठरवून गाडी शोधण्यात आणि रस्त्यात मोलाचे तास जातात. आधी जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात ईसीजी काढून घ्या. मोठा झटका असेल आणि दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होण्यासारखी नसेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तिथेच देऊन मग रुग्णाला शहरात पाठवणे हीच मान्य पद्धत आहे. इंजेक्शन घेऊन निघालेल्या रुग्णाच्या हृदयाचा स्नायू वाटेतच वाचू लागतो.

नस उघडल्यानंतर काय दिसू शकते?

*हृदय:* पहिल्या काही तासांत ठोके अनियमित होऊ शकतात. त्यातले बरेच आपोआप थांबतात. काही मात्र जीवघेणे असू शकतात आणि त्यांवर क्षणात शॉक द्यावा लागतो. रुग्णाला मॉनिटरवर ठेवतात ते याचसाठी. वाचलेला स्नायूही काही दिवस सुस्त राहू शकतो. पहिल्या इकोमध्ये हृदयाचे पंपिंग कमी दिसले, तरी पुढच्या काही आठवड्यांत ते सुधारू शकते. एका आकड्याने घाबरून जाऊ नका.

*मेंदू:* लकव्याच्या रुग्णाची गुठळी विरघळल्यावर किंवा काढल्यावर इजा झालेल्या भागात सूज येऊ शकते, कधी रक्तस्राव होतो. म्हणून रक्तदाब वारंवार तपासतात आणि इंजेक्शननंतर साधारण २४ तासांनी पुन्हा स्कॅन करतात. अचानक तीव्र डोकेदुखी, उलटी, गुंगी वाढणे किंवा बोलणे पुन्हा बिघडणे यांपैकी काही दिसले, तर त्याच क्षणी नर्सला सांगा.

*हात-पाय:* पायाची नस उघडल्यावर पोटरी सुजते. स्नायूंभोवतीचे आवरण फारसे ताणले जात नाही, त्यामुळे आतला दाब वाढून परत आलेले रक्त पुन्हा अडू शकते. औषधाने न थांबणारे दुखणे, दगडासारखी घट्ट पोटरी, बोटे हलवली की असह्य कळ, बधिरपणा ही त्याची लक्षणे. अशा वेळी सर्जन त्वचा आणि आवरणाला लांब चीर देऊन दाब मोकळा करतात. "पाय वाचवायला आणला आणि तुम्ही कापायला निघालात?" असे म्हणून नातेवाईक सही करायला कचरतात. ही चीर पाय वाचवण्यासाठीच असते आणि उशीर झाला तर तिचा उपयोग उरत नाही.

ढिगाऱ्याखालून काढलेला माणूस

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप मराठवाडा विसरलेला नाही. दगड-मातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसे गाडली गेली. तासन्‌तास ओझ्याखाली दबलेला माणूस बाहेर काढला जातो तेव्हा बोलतो, पाणी मागतो आणि काही वेळाने अचानक गंभीर होतो, असा अनुभव भूकंप आणि युद्धांत जगभर आला आहे. दबलेल्या स्नायूंतले पोटॅशियम आणि मायोग्लोबिन हे रंगद्रव्य, रक्त मोकळे होताच सगळ्या शरीरात पसरते. पोटॅशियममुळे हृदय बंद पडू शकते आणि मायोग्लोबिनमुळे मूत्रपिंडे. दुसऱ्या महायुद्धात लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यांतील जखमींमध्ये बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी १९४१ मध्ये याचे सविस्तर वर्णन केले.

विहिरीची दरड, पडलेली भिंत, उलटलेला ट्रॅक्टर अशा अपघातांतही हेच होऊ शकते. कोणी काही तास अडकले असेल, तर १०८ ला लगेच बोलवा. शक्य असेल तेव्हा बाहेर काढण्याआधीच सलाईन सुरू करतात. पण जागा धोक्याची असेल किंवा मदत येण्यासारखी नसेल, तर माणसाला तसेच अडकवून ठेवू नका. बाहेर काढल्यावर तो बरा दिसला तरी रुग्णालयात न्याच. लघवी काळ्या चहासारखी झाली, तर ती धोक्याची खूण आहे.

संरक्षणासाठी डॉक्टर काय करतात?

एक जुना आणि भरवशाचा मार्ग म्हणजे गारवा. थंड पेशीची भूक कमी होते. बायपासमध्ये हृदय थांबवायचे असते तेव्हा पोटॅशियमयुक्त, बहुधा थंड द्रावण देऊन त्याला विश्रांती देतात. अवयवदानात अवयव खास द्रावणात, बर्फाच्या पेटीत नेतात. तरीही बर्फाच्या पेटीतले हृदय साधारण चार तासांतच बसवावे लागते. मूत्रपिंड मात्र २४ तासांहून अधिक टिकू शकते. म्हणूनच जानेवारी २०१६ मध्ये आपल्या शहरातून दात्याचे हृदय मुंबईला पाठवताना ग्रीन कॉरिडॉर करून ते विमानाने न्यावे लागले. रस्त्याने ते वेळेत पोहोचले नसते.

औषधांच्या बाबतीत खरे सांगायला हवे. झटका आलेल्या रुग्णात ही इजा खात्रीने थांबवणारे औषध अजून मिळालेले नाही. सायक्लोस्पोरिनचा उपयोग होईल असे वाटत होते. २०१५ मधील मोठ्या चाचणीत तो झाला नाही. दंडाला पट्टा बांधून थोडा थोडा वेळ रक्त थांबवण्याच्या पद्धतीचाही, ५,००० हून अधिक रुग्णांच्या २०१९ मधील चाचणीत फायदा दिसला नाही. त्यामुळे या इजेसाठी महागड्या 'अँटिऑक्सिडंट' गोळ्यांवर पैसे घालवू नका. रक्तातील प्राणवायूची पातळी चांगली असेल, तर "ऑक्सिजन लावाच" असा आग्रहही धरू नका. झटक्यात जादा ऑक्सिजनने फायदा होत नाही.

तुम्ही काय करू शकता?

- छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे किंवा अचानक थंड, पांढरा पडणे: घड्याळ पाहा, वेळ लिहून ठेवा, १०८ ला फोन करा.
- थंड पडलेल्या पायाला शेक देऊ नका, मालिश करू नका.
- साप चावल्यावर दोरी घट्ट बांधू नका. कोणी आधीच बांधली असेल, तर घरी एकदम सोडू नका. तातडीने रुग्णालयात न्या, डॉक्टर तयारीनिशी सोडतील.
- नस उघडल्यानंतर रुग्णाला नवा त्रास झाला, तर "बरं होतंय, असं होणारच" असे समजून गप्प राहू नका.
- डॉक्टरांना विचारा: रक्त किती वेळ थांबले होते? पुढचे २४ तास कशावर लक्ष ठेवायचे?

आयसीयूच्या दाराबाहेर बसलेल्या माणसाला प्रत्येक तास मोठा वाटतो. पण आतले हे तास मागच्या उपचारांचाच भाग आहेत. नस उघडून वाचवलेला स्नायू सांभाळण्याचे काम त्या वेळी चालू असते.

*हा लेख माहितीसाठी आहे. तुमच्या रुग्णाबाबतचे निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.*