जिंकण्याआधीचे काम

बेसबॉलमध्ये संघाचा मॅनेजर खेळाडूंसारखाच गणवेश घालून मैदानाच्या कडेला बसतो. चेंडू फेकणारा दमला तर त्याला कधी काढायचे, पुढे कोणाला पाठवायचे, हे तोच ठरवतो. क्रिकेटमध्ये हे सारे हक्क कर्णधाराकडे असतात. सामना सुरू झाला की प्रशिक्षक ड्रेसिंग रूमच्या काचेमागे. म्हणूनच आपल्याकडे एक समज पक्का झाला आहे की चांगला संघ कोणाच्याही हाताखाली जिंकतो, प्रशिक्षक फक्त नावापुरता असतो. हा समज चुकीचा आहे, आणि तो खोडायला लागणारा पुरावा खुद्द विदर्भातच आहे. वरोऱ्याहून नागपूरला निघाले की शहर लागण्याआधी जामठ्याचे स्टेडियम दिसते. त्या मैदानावरच्या संघाने 1957-58 पासून रणजी करंडक खेळायला सुरुवात केली आणि पुढची साठ वर्षे एकदाही अंतिम फेरी पाहिली नाही. ती त्याने चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आल्यानंतर पहिल्याच मोसमात पाहिली आणि जिंकलीही.

पंडित मुंबईचे, रमाकांत आचरेकरांच्या हाताखाली घडलेले यष्टिरक्षक-फलंदाज. 1986 साली इंग्लंडमध्ये लीड्सला त्यांनी कसोटी पदार्पण केले. पाच कसोटी आणि छत्तीस एकदिवसीय सामन्यांवर त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द थांबली. किरण मोरे संघात असताना यष्टींमागची जागा मिळवणे अवघडच होते. पण यष्टिरक्षकाच्या नजरेसमोर अख्खे मैदान असते, गोलंदाजाचा हात आणि फलंदाजाचे पाय त्याला एकाच वेळी दिसतात, आणि संधीची वाट पाहत बसलेल्या खेळाडूला खेळ बाहेरून वाचायची सवय लागते. माझ्या मते पंडितांच्या पुढच्या कामाचे मूळ या दोन गोष्टींत आहे. दुसरे मूळ एका पराभवात. 1998-99 मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली मध्य प्रदेशने बंगळूरच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर कर्नाटकविरुद्ध अंतिम सामन्यात पहिल्या डावाची आघाडी घेतली होती. सामना अनिर्णित राखला असता तरी करंडक त्यांचा होता. शेवटच्या दिवशी तो हातातून निसटला.

प्रशिक्षक म्हणून त्यांनी मुंबईला 2002-03, 2003-04 आणि 2015-16 मध्ये रणजी जिंकून दिली, तेव्हा शंका घेणे सोपे होते, कारण मुंबई एरवीही जिंकतच असते. जानेवारी 2017 मध्ये इंदूरला गुजरातकडून मुंबई अंतिम सामना हरली आणि पंडितांचे मुंबईतले काम संपले. त्याच वर्षाच्या अखेरीस, त्याच इंदूरला, ते विदर्भाचा संघ घेऊन दिल्लीसमोर उभे होते. त्याआधी कोलकात्यात उपांत्य सामना विदर्भाने कर्नाटकविरुद्ध अवघ्या पाच धावांनी जिंकला होता आणि रजनीश गुरबानीने दुसऱ्या डावात सात बळी घेतले होते. अंतिम सामन्यात त्याने हॅट्ट्रिक केली, अक्षय वाडकर या तरुण यष्टिरक्षकाने 133 धावा केल्या आणि फैज फजलच्या संघाने नऊ गडी राखून करंडक उचलला.

यावर रास्त आक्षेप असा की या यशाची तयारी आधीच झाली होती. विदर्भ क्रिकेट असोसिएशनने निवासी अकादमी काढली होती, वसीम जाफर आणि गणेश सतीशसारखे बाहेरचे अनुभवी फलंदाज संघात होते, खाण कामगाराचा मुलगा असलेला उमेश यादव भारतासाठी खेळत होता. हे सगळे खरे आहे आणि त्याशिवाय पंडितांना काहीही करता आले नसते. पण यातले बरेच काही ते येण्यापूर्वीही होतेच, तरी संघ अंतिम फेरीपर्यंत पोचत नव्हता. एका विजयाला योगायोग म्हणता आले असते. पुढच्या मोसमात विदर्भाने सौराष्ट्राला नागपुरात हरवून करंडक राखला. त्या सामन्यात आदित्य सरवटेने चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत मिळून एका धावेवर रोखले. मग पंडित मध्य प्रदेशात गेले आणि जून 2022 मध्ये, चिन्नास्वामीवरच, मुंबईला सहा गडी राखून हरवून त्या संघाला त्यांनी पहिला रणजी करंडक मिळवून दिला. दोन वेगळी राज्ये, वेगळी माणसे, आणि दोन्हीकडे समान एकच गोष्ट.

दुसरा आक्षेप त्यांच्या करड्या शिस्तीचा. कोलकाता नाइट रायडर्सकडे असताना एका परदेशी खेळाडूने तिच्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली होती. मला ती नाराजी समजते. आयपीएलमध्ये दोन महिन्यांसाठी एकत्र आलेल्या, आधीच घडलेल्या खेळाडूंना कोणी कसे वागावे ते शिकवू लागले तर ते खटकणारच. रणजीतला विशीतला मुलगा वेगळा असतो. आघाडी मिळाली, आता हरणार नाही, एवढ्यावर समाधान मानायची त्याची सवय मोडावी लागते, आणि त्या समाधानाची किंमत पंडितांनी स्वतः मोजलेली होती. पंडित गेल्यावर लगेचच्या मोसमांत विदर्भाला तशी उंची गाठता आली नाही, हेही नोंदवायला हवे. पण 2023-24 मध्ये संघ पुन्हा अंतिम फेरीत गेला आणि वानखेडेवर मुंबईकडून हरला. मार्च 2025 मध्ये जामठ्याला केरळविरुद्ध पहिल्या डावातली 37 धावांची आघाडी त्याने शेवटच्या दिवसापर्यंत सांभाळली आणि तिसरा करंडक मिळवला. प्रशिक्षक होते विदर्भाचेच जुने खेळाडू उस्मान गनी, आणि कर्णधार होता इंदूरला शतक ठोकणारा यष्टिरक्षक अक्षय वाडकर.