निळी रेषा, लाल रेषा

कर्जत-खालापूरकडे ‘सेकंड होम’साठी जागा पाहायला रविवारी पुष्कळ मंडळी येतात. दलाल डोंगर दाखवतो, नदी दाखवतो. नकाशावरच्या दोन रेघांविषयी मात्र सहसा बोलत नाही. मी तर म्हणेन, आधी रेघा पाहाव्यात, डोंगर नंतर.

जलसंपदा विभाग नदीकाठी दोन पूररेषा आखतो. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या. ‘शंभर वर्षांचा पूर’ म्हटले की माणूस निर्धास्त होतो; एकदा येऊन गेला, आता नातवंडांनी पाहावा! अर्थ तसा नव्हे. लाल रेषेच्या पुराची शक्यता दर पावसाळ्यात शंभरात एक, निळीच्या पुराची शंभरात चार. पाऊस मागचे हिशेब ठेवत नाही. गृहकर्जाच्या २० वर्षांत पाणी एकदा तरी निळी रेषा गाठील, ही शक्यता निम्म्याहून अधिक भरते.

दुसरा शब्द ‘अपधाव’. न मुरता वाहून जाणारे पावसाचे पाणी. मुंबईची जुनी गटारे ताशी २५ मिलिमीटर पाऊस आणि त्यातला निम्माच वाहील, अशा हिशेबाने बांधलेली. १९९३च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने पाऊस ताशी ५० धरला आणि सगळाच वाहील असे मानले. मुरायला माती उरली होती कुठे?

इकडे ती अजून आहे. भाताच्या खाचरात बांधाआड दहा सेंटिमीटर पाणी उभे राहिले, तर एका गुंठ्यात दहा हजार लिटर, म्हणजे एक टँकर साठतो. एकराला चाळीस टँकर! शेतकरी हे काम पिढ्यान्‌पिढ्या फुकट करतो आहे. त्याच खाचरात मुरमाचा भराव टाकून प्लॉट पाडले की ते चाळीस टँकर शेजाऱ्याच्या शेतात, नाहीतर ओढ्यात. ओढ्यावरच्या रस्त्याची मोरी मात्र तेवढीच राहते.

कर्जतचे पाणी उल्हास नदीतून वांगणी-बदलापूरकडे जाते. २७ जुलै २०१९ रोजी वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली, हजारावर प्रवासी सोडवावे लागले. त्या पुराला पाऊसच कारण होता. पण वरच्या अंगाला जेवढे भराव वाढतील, तेवढे खाली पाणी लवकर पोचेल.

उन्हाळ्यातल्या नदीवरून अंदाज बांधू नये. उल्हासला नि खोपोलीच्या पाताळगंगेला तेव्हा जे पाणी दिसते, त्यात घाटावरच्या धरणांतून टाटांच्या वीजगृहांत येऊन सोडलेले पाणी असते. विसार देण्याआधी पूररेषेचा नकाशा मागा आणि पलीकडच्या शेतात जाऊन विचारा, “काका, २०१९ला पाणी कुठवर चढलं होतं?”